नात्यातल्या माणसाने वायरलेसवर बसू नये

आमचा डोंगर दिसायला देखणा आहे, आणि तिथेच सगळा घोटाळा आहे. कोणी पाटीवर खडूने त्रिकोण काढावा तसा नीटस. पर्यटक त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात, आणि हॉटेलवाले त्याच्या बाजूच्या खिडक्यांचं कौतुक सांगताना थकत नाहीत. मला मात्र त्याचा राग येतो. इतकी वर्षं पायथ्याशी नोकरी केल्यावर माझं ठाम मत झालंय, की डोंगर जितका गोंडस तितका आतल्या गाठीचा.

असे डोंगर जगभर आहेत. राखेचा थर, त्यावर लाव्हाचा, पुन्हा राखेचा, असं करत करत ते उंच होतात. काही ज्वालामुखींचा लाव्हा पातळ असतो, तो निमूटपणे वाहून जातो. ह्यांचा घट्ट आणि चिकट, तो स्वतःच्याच घशात अडकून बसतो. बेटांवर, समुद्राच्या कडेकडेने, बर्फात, भरवस्तीच्या डोक्यावर असे हे उभे असतात, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पायथ्याशी आमच्यासारखी एक वेधशाळा असते. दोन-तीन खोल्या, भिंतभर संगणकाचे पडदे आणि कोमट चहा. महिन्यातून एकदा आम्ही सगळे स्क्रीनवर भेटतो आणि सुनांनी सासवांची सांगावीत तशी आपापल्या डोंगरांची गाऱ्हाणी सांगतो.

माझी कामं दोन. भूकंपाच्या रेषा बघायच्या, आणि वर गेलेल्या माणसांशी वायरलेसवर बोलायचं. वर जाणाऱ्यांत माझी धाकटी बहीणही आहे. ती गॅसवाली. विवराच्या कडेला जाऊन खडकांच्या फटींतून निघणारा गॅस बाटलीत भरून आणते आणि संध्याकाळी घरभर गंधकाचा वास करते. ती मला ताई म्हणते, म्हणून सगळं ऑफिस मला ताई म्हणतं. माझ्याहून मोठे साहेबसुद्धा.

आमच्याकडे एक नियम आहे. वर आपलं माणूस असेल त्या दिवशी वायरलेसवर बसायचं नाही. माझ्या आधी ह्या खुर्चीत जो गृहस्थ होता त्याची बायको वर असताना रस्त्यावरून एक डंपर धडधडत गेला. रेषा हलली, ह्याचं डोकं फिरलं, आणि ‘पळा, पळा’ म्हणून तो माइकमध्ये ओरडत सुटला. पळापळीत एकाचा पाय मोडला. नियम तेव्हापासूनचा. चांगला नियम आहे. आपल्या माणसासाठी घाबरलेल्या डोळ्यांना डंपरसुद्धा ज्वालामुखी दिसतो.

त्या दिवशी नियम मोडला गेला, तो अगदी साध्या कारणाने. आमच्या जुन्या मास्तरांबरोबर वर जाणारा मुलगा सकाळी तापाने फणफणला, आणि त्याच्या जागी धाकटी निघाली. माझ्या जागी यंत्रांची देखभाल करणाऱ्या यंत्रवाल्याने बसायचं, पण तो नदीकाठच्या भूकंपमापकाची बॅटरी बदलायला गेला होता. साहेब म्हणाले, तो येईपर्यंत तेवढ्यापुरत्या तुम्ही बसा, पण फक्त ऐका. मी म्हटलं, मी काय आज लागलेय का नोकरीला? बसले.

साहेबांबद्दल सांगायला हवं. त्यांना आम्ही पाठीमागे थांबूसाहेब म्हणतो, कारण काहीही विचारा, ‘जरा थांबू या’ हे उत्तर ठरलेलं. पण त्यांना हसण्यात अर्थ नाही. मागच्या वर्षी ते थांबले नव्हते. डोंगर खदखदतोय म्हणून त्यांनी अख्खं गाव रिकामं करायला लावलं. लोक आठवडेच्या आठवडे शाळांच्या वर्गांत झोपले, आणि डोंगराने साधी ढेकरसुद्धा दिली नाही. गावाने ते अजून विसरलेलं नाही. भाजीवाली मला बघितलं की विचारते, काय ताई, आज कोणाला हाकलायचंय? साहेब तर केस कापायलाही दुसऱ्या गावात जातात.

आता मात्र सगळं आलबेल दिसत होतं. गॅस रोज कमी होत चालला होता, भूकंपही थंडावले होते. दुपारी नगरपालिकेचे लोक आणि हॉटेलवाले बैठकीला येणार होते आणि साहेब धोक्याची पातळी उतरवल्याचं जाहीर करणार होते. त्याआधी कडेवरची एक बाटली हाताशी असावी, एवढ्यासाठीच मास्तर आणि धाकटी वर गेले होते. ड्रायव्हर जीप घेऊन खालच्या झोपडीपाशी थांबला होता.

मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यात जुने. पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, म्हणून मास्तर. गुडघे गेले होते, तरी वर जायचं सोडत नव्हते.

कडेवर पोचल्यावर धाकटीने हाक दिली, आणि सवयीने माझ्या तोंडून ‘ऐकतेय’ निघून गेलं. “ताई? तू कशी काय तिथे? नियम मोडलास की खुर्ची मोडलीस?”

मी तेवढ्यावर थांबले. फक्त ऐकायचं होतं ना! मग तीच सांगत राहिली, की आज वर इतकं शांत आहे की मास्क लावायचीही गरज वाटत नाही, आणि मास्तर कडेच्या आत थोडे खाली उतरून नवीन यंत्र बसवतायत.

थोड्याच वेळात पडद्यावर ती रेषा आली. एकदम उसळली, आणि मग हळूहळू, अगदी सारख्या लाटांनी बारीक होत गेली. आडवा ठेवलेला स्क्रू असतो ना, डोक्याकडे जाड आणि टोकाकडे निमुळता, हुबेहूब तसा. हा आकार मी आमच्या डोंगरात कधी पाहिला नव्हता, पण मासिक बैठकीत पाहिला होता. समुद्रापलीकडच्या एका वेधशाळेतल्या बाईने दाखवला होता. बैठकीत सगळ्यात कमी बोलणारी ती बाई त्या दिवशी मात्र बराच वेळ बोलली होती. गॅस कोंडला की खडकांच्या भेगा अशा घुमतात, असं काहीतरी.

मी गप्प बसले. का, ते सांगते. मी स्वतःला म्हटलं, वर दुसरं कोणी असतं तर तू घाबरली असतीस का? एका रेषेच्या सुतावरून स्वर्ग गाठतेयस. त्या डंपरवाल्या गृहस्थाला आपण किती हसलो होतो, ते आठव. मी चहा ओतून घेतला, आणि तो तसाच गार झाला. मग दुसरा स्क्रू आला, पहिल्याहून लांब शेपटीचा. मग तिसरा. तेव्हा मात्र मी उठले आणि रेषा कागदावर छापून साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांनी कागद बघितला. गॅस कमी होतोय, भूकंप कमी होतायत, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बाटलीला बूच मारलं तरी गॅस बाहेर यायचा थांबतोच की! मग चष्मा काढून त्यांनी मला सरळ विचारलं.

“ताई, वर तुमची बहीण नसती, तर तुम्ही आत्ता इथे आला असतात?”

मला त्यांचा राग आला, आणि उत्तर देता येत नाही ह्याचा त्याहून जास्त. त्यांनी प्रश्न हलकटपणे विचारला नव्हता. नियमाच्या मुळाशी जो प्रश्न होता तोच विचारला होता. तेवढ्यात यंत्रवाला आला, माझ्या खुर्चीत बसला, आणि साहेब म्हणाले, जरा थांबू या, बैठक होऊन जाऊ दे.

मी मागच्या खोलीत गेले. तिथे जुनी यंत्रं, फाटके रेनकोट आणि एक चालू फोन असतो. तिन्ही स्क्रूंचे फोटो मी त्या समुद्रापलीकडच्या बाईला पाठवले. वर कोण आहे ते लिहिलं नाही. बहिणीचा तर उल्लेखही केला नाही. मला असे डोळे हवे होते ज्यांचं इथे कोणी नाही. मग फोन लावला.

तिच्याकडे संध्याकाळ असावी, भांड्यांचे आवाज येत होते. तिने फोटो उघडले आणि आवाज थांबले. गॅस कमी झालाय का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. वर कोणी आहे का? मी म्हटलं, आहेत.

“मग माझ्याशी काय बोलत बसली आहेस?” ती म्हणाली.

बैठकीच्या खोलीत नगरपालिकेचे लोक, हॉटेलवाले आणि बिस्किटांच्या बशा होत्या. मी दार ढकलून आत गेले. फोन स्पीकरवर टाकून साहेबांच्या समोर टेबलावर ठेवला.

“ही माझी कोणी लागत नाही,” मी म्हटलं. “हिचं तरी ऐका.”

एक हॉटेलवाला पुटपुटला, झालं ह्यांचं पुन्हा सुरू. साहेबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी त्या बाईचं सगळं ऐकून घेतलं. तिचा डोंगर असाच गप्प झाला होता, लोक असेच खूश झाले होते, आणि वर गेलेल्यांपैकी कोणी परत आलं नव्हतं. साहेब उठले. मागच्या वर्षीनंतर पहिल्यांदाच ‘थांबू या’ न म्हणता तडक वायरलेसच्या खोलीत गेले आणि यंत्रवाल्याच्या हातातून माइक घेऊन म्हणाले, दोघंही ताबडतोब खाली या.

धाकटीला हसू आलं. “साहेब, ताईने घाबरवलं ना तुम्हाला? बाटली अर्धी भरलीय. एवढी भरते आणि निघते.”

साहेब म्हणाले, हा माझा हुकूम आहे. ती म्हणाली, हो हो, निघतेच. पण ती निघत नव्हती. आवाजावरून मला कळत होतं. लहानपणी ‘आले आले’ म्हणून जिन्यात बसून राहायची, तोच आवाज. साहेबांनी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा हो म्हटलं, आणि मागून बाटलीच्या काचेचा आवाज आला. तिची खात्रीच झाली होती की हा सगळा ताईचा जीव वरखाली होण्याचा प्रकार आहे. स्वेटर घाल, टोपी घे, दोर नीट बांध, असं जन्मभर मी तिच्या मागे लागले. त्यात हे एक आणखी.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि माइक पुढे केला. नियम त्यांनीच केला होता, त्यांनीच मोडला.

मला ओरडायचं होतं. आधी नीघ, शहाणपणा नंतर कर, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ओरडले असते तर ती आणखी एक बाटली भरत बसली असती. मी गिळलं ते.

“कडेवरची मोठी फट आज वाजतेय का?” मी विचारलं. ती फट कुकरसारखी शिट्टी मारते, वायरलेसवरही ऐकू येते.

“नाही. बंद आहे. म्हणून तर बरं वाटतंय.”

“तिच्यावर हात धरून बघ.”

जरा वेळ गेला. “गार आहे.”

“शेजारची?”

ह्या वेळी जास्त वेळ गेला. बुटांखालचे खडे वाजले.

“तीही गारच आहे, ताई.”

“मग एवढा गॅस जातोय कुठे?”

वायरलेसवर नुसता वारा ऐकू येत होता. मग तिचा आवाज आला, एकदम वेगळा, हसू पार पुसलेला. “उतरतेय.”

आता इथे एक गोष्ट सांगायची आहे. आमच्या कामाची एक शिस्त आहे. माणसं खाली बोलवताना सगळ्यात सावकाश चालणाऱ्याचं नाव आधी घ्यायचं. तो आधी निघतो, बाकीचे मागून. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. नव्या लोकांना हे मीच शिकवते. साहेबांनी हुकूम दिला तेव्हा दोघांना मिळून दिला होता. पण माइक माझ्या हातात आल्यापासून मी फक्त धाकटीशी बोलत होते. मास्तर कडेच्या आत, तिच्या खाली होते. त्यांच्याकडे त्यांचा वायरलेस होता. मी त्यांना हाक मारली नाही. ती ‘उतरतेय’ म्हणाली आणि माझा जीव भांड्यात पडला, तो तिथेच राहिला.

मास्तरांना तिनेच हाक मारली असणार. थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला, धापा टाकत. यंत्र सोडून निघालोय, तिला पुढे पाठवतोय, माझे गुडघे जरा कुरकुरतायत, एवढंच ते म्हणाले. साहेबांनी माइक ओढून घेतला आणि ‘मास्तर, सगळं टाका, नुसते या’ असं सांगितलं. त्यांनी हो म्हटलं.

पुढचं सगळं आधी पडद्यावर दिसलं. रेषा राहिलीच नाही, उसळ्यांनी पूर्ण पडदा काळा झाला. मग खिडकीच्या काचा थडथडल्या, आणि आवाज त्यानंतर आला. मी खिडकीकडे बघितलं. त्रिकोणाच्या टोकातून करडा खांब वर चढत होता. त्याच्यातून काळे ठिपके बाहेर उडत होते, आणि ते ठिपके म्हणजे दगड होते. आमच्या फ्रिजएवढे दगड. साहेब फोनवर गाव रिकामं करायला सांगत होते. मघाशी पुटपुटलेला हॉटेलवाला जिन्यावरून धडाधड उतरत होता.

यंत्रवाला हाका मारत राहिला. वर, ऐकू येतंय का. वर, ऐकू येतंय का. मी भिंतीला टेकून उभी होते. मला खुर्चीत बसू दिलं नाही आणि मी मागितलीही नाही.

शेवटी ड्रायव्हरचा आवाज आला. खोकत होता.

“एक सापडलंय. घेऊन निघालोय.”

कोण, असं यंत्रवाल्याने विचारलं. उत्तर आलं नाही, नुसती खरखर. कोण सापडलंय, पुन्हा सांग. खरखर. त्या खरखरीत मी काय काय कबूल केलं असेल ते देवालाच माहीत. मग ड्रायव्हरने सांगितलं, ताईंची बहीण. वळणावरच्या मोठ्या खडकामागे होती. मास्तर उघड्यावर होते.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आधी आनंदच झाला, आणि तो इतका मोठा होता की मास्तरांचं नाव त्यात ऐकूच आलं नाही. ते ऐकू आलं तेव्हा मी खाली बसले.

संध्याकाळपर्यंत गाव रिकामं झालं होतं. लोक पुन्हा त्याच शाळांमध्ये, त्याच वर्गांत गेले, पण ह्या वेळी कोणी कुरकुर केली नाही. धाकटीला हाताला टाके पडले होते, बाकी ती धड होती. केसांत, कानांत, पापण्यांत राख. दवाखान्यातून निघाल्यावर जरा पड म्हटलं तर ती नको म्हणाली. काकूंकडे जाऊ, म्हणाली. काकू म्हणजे मास्तरांची बायको, त्याही एका शाळेत होत्या.

जीपमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. शाळा जवळ आल्यावर म्हणाली, “मी रेंगाळले म्हणून झालं, ताई. साहेबांनी सांगितलं तेव्हाच निघाले असते, तर त्यांनाही वेळ मिळाला असता.”

तसं नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी मास्तरांना हाकच मारली नव्हती, तेही सांगायला हवं होतं. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात फार स्वस्त होता, मला तेव्हाही कळत होतं.

काकू एका वर्गाच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसल्या होत्या. साहेब येऊन सांगून गेले होते. आम्हाला बघून त्यांनी सरकून जागा करून दिली. धाकटीने बोलायला सुरुवात केली, मी बाटली भरत राहिले, काकू, मी ऐकलं नाही, आणि तिला पुढे बोलवेना. काकूंनी तिला थांबवलं. त्या माझ्याकडे वळल्या.

“खाली बोलवताना सावकाश माणसाचं नाव आधी घेतात ना?” त्यांनी विचारलं. “गुडघे गेल्यापासून ते मला हसत सांगायचे, आता वायरलेसवर पहिला नंबर माझा. आज तू बोलत होतीस म्हणे. तू त्यांचं नाव आधी घेतलं होतंस ना?”

त्यांना हो हवं होतं. फक्त एक हो. त्यांच्या नवऱ्याला कोणी विसरलं नव्हतं, एवढंच. हो म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती, आणि धाकटी आयुष्यभर ती अर्धी बाटली उराशी धरून बसली असती. ती माझ्या शेजारीच होती, मान खाली घालून.

“नाही, काकू,” मी म्हटलं. “मी त्यांचं नाव घेतलंच नाही. मी फक्त हिलाच बोलावत होते.”

धाकटीने मान वर केली. काकूंनी तिचा टाके घातलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि पदराने त्याच्यावरची राख पुसू लागल्या. माझ्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.